देश हरला त्या सकाळी

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बघणार कशी? मान वर व्हायलाच तयार नव्हती. सकाळपासून ती फ्लेक्सवर एकच वाक्य बसवत होती — ‘देशाचा अभिमान! हार्दिक अभिनंदन!’ — आणि दर वेळी त्या वाक्याखाली नवा चेहरा. कधी व्यापारी संघटनेचा अध्यक्ष, कधी शाळेचे मुख्याध्यापक, कधी दातांचे डॉक्टर. दातांच्या डॉक्टरांचा सिनेमाशी काय संबंध, असं विचारायचं नसतं. या धंद्यात प्रश्न विचारला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

“ताई, फोटो मोठा करा. ताई, नाव ठळक करा. ताई, जरा गोरं करा ना...” ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. त्यामुळे काउंटरच्या पलीकडे कुणीतरी घसा खाकरला तेव्हा ती स्क्रीनवरची नजर न काढताच म्हणाली, “फोटो आणलाय?”

“नाही.”

“मग फोनवर पाठवा.”

“फोटो नाहीच आहे. म्हणजे... मला फोटो नकोच आहे.”

आता मात्र तिनं वर पाहिलं. आठ वर्षं ती इथं डिझाइनचं काम करत होती. फोटो नको म्हणणारा माणूस तिनं आजच बघितला.

उंच होता. खांद्यात किंचित वाकलेला. हातांवर भाजल्याच्या जुन्या, पुसट खुणा, आणि डोळ्यांखाली थेट तिच्यासारखीच काळी वर्तुळं. दमलेल्या माणसाला दमलेला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. ती नकळत सरळ बसली.

“नावं छापायची आहेत,” तो म्हणाला. “सदतीस. फ्लेक्स लहान चालेल, पण नाव एकही गळायला नको.”

त्यानं पुढं केलेला कागद तिनं उलगडला आणि वाचायला लागली. पहिलवान. टोपी. खोकला. थोरला मेव्हणा. धाकटा मेव्हणा. चहावाली मावशी. उस्ताद...

“ही नावं आहेत?”

“आमच्यात हीच असतात. मी लाइटवाला. सिनेमाचे दिवे लावतो. आमच्या टोळीत खरं नाव कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं एकत्र जेवतो, पण नाव विचारलं तर आठवावं लागेल.”

“आणि तुम्हाला काय म्हणतात?”

“उजेड्या,” तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

तिला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. “कुठला सिनेमा तुमचा?”

त्यानं तिच्या स्क्रीनकडे बोट केलं. दातांचे डॉक्टर सगळे दात दाखवून हसत होते. “हाच. यांना ज्याचा अभिमान आहे ना... तोच.”

आता या अभिमानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यानंच तिची मान मोडायची बाकी ठेवली होती.

सिनेमा होता दोन बहिणींचा. तराजू दुरुस्त करणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी, आणि त्यांच्यातला वीस वर्षांचा अबोला. बस, एवढीच गोष्ट. दोन वर्षांपूर्वी तो याच शहरात, याच गल्लीत चित्रित झाला. तेव्हा काय कौतुक होतं म्हणता! दिव्यांचे ट्रक उभे राहतात म्हणून दुकानदारांनी तक्रार केली. नगरसेवकानं दोनदा परवानगी रद्द केली, कारण त्याची गाडी वळत नव्हती. पुढं सिनेमा लागला, सहा दिवस चालला आणि गेला. तिनं तो पाहिला होता. हॉलमध्ये मोजून अकरा माणसं होती. त्यातली दोन झोपली होती, आणि खरं सांगायचं तर मध्ये दहा मिनिटं तीही.

आणि मग एका सकाळी बातमी आली. परदेशातल्या त्या सगळ्यात मोठ्या पुरस्काराच्या शेवटच्या पाचांत हा सिनेमा! आपल्या भाषेतला एकही सिनेमा आजवर तिथं पोचला नव्हता. झालं! त्या अकराचे रातोरात अकरा हजार झाले. जो भेटेल तो म्हणे, आम्ही तर तेव्हाच ओळखलं होतं. पुरस्काराचा समारंभ सोमवारी, आपल्याकडे तेव्हा पहाट. निकालाला सात दिवस होते आणि अभिनंदनाच्या ऑर्डरी चाळीस. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते असं.

मालक मोठे हुशार. त्यांनी फर्मान काढलं होतं, “प्रत्येकाचे दोन बनवायचे. एक जिंकल्याचा, एक हरल्याचा. पैसे दोन्हींचे घ्यायचे.” हरल्याच्या फ्लेक्सवर काय लिहायचं हे कुणालाच सुचेना, तेव्हा तिनंच लिहून टाकलं होतं, ‘हरलो तरी अभिमान’. एकदा लिहिलं आणि चाळीस वेळा चिकटवलं. चाळिसाव्या वेळी ‘अभिमान’ या शब्दाकडे बघून तिला वाटलं, हे अक्षर आपण ओळखतो, पण याचा अर्थ काय होता बरं?

“तुम्ही इथंच राहता का?” उजेड्यानं विचारलं.

“पलीकडे. लाकडाच्या वखारीवर.”

“वरचा मजला? डाव्या कोपऱ्यातली खिडकी?”

ती सावध झाली. “का?”

“‘बंद करा ती बत्ती! माणसं झोपतात इथं!’” त्यानं आवाज बारीक करून म्हटलं. “तीन रात्री. त्या... तुम्ही?”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीच होती. दिवसभर स्क्रीनसमोर बसून रात्री डोळे मिटावेत, तर खिडकीत जणू सूर्य उगवलेला. ओरडेल नाही तर काय करेल?

“चौथ्या रात्री ओरडला नाहीत,” तो म्हणाला.

“चौथ्या रात्री अंधार होता.”

“मी केला होता. दिव्यापुढं काळं कापड बांधलं. तुमच्या खिडकीपुरतं.” तो काउंटरवरच्या पट्टीशी चाळा करत होता. “आमचे म्होरके उस्ताद, त्यांनी चिक्कार शिव्या घातल्या. म्हणाले, अख्खी गल्ली दिवसासारखी लखलखतेय आणि ही एकच खिडकी काळी का? म्हटलं... तिथं कुणीतरी फार दमलेलं आहे.”

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली होती, आणि सकाळी उठून तिनं मनोमन त्या लोकांचे आभारही मानले नव्हते.

तेवढ्यात आतून मशीनवाला ओरडला, “ताई, रोल संपला!”

“सगळे ताई म्हणतात तुम्हाला?” त्यानं विचारलं.

“सगळे.”

“मी नाही म्हणणार.”

“का बरं?”

“नाही म्हणणार... एवढंच.” आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा हजर. “दोन नावं राहिली होती. जनरेटरवाला आणि त्याचा भाऊ.”

तिसऱ्या दिवशी, “मावशीबरोबर एक बाई यायच्या कपबशा धुवायला. त्यांचं राहिलं.”

चौथ्या दिवशी मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. “सदतीसचे त्रेचाळीस झाले! काय हो, तुमच्या टोळीत रोज बारसं असतं का?”

उजेड्या गोरामोरा झाला. ती स्क्रीनमागं लपून हसली. नावं फोनवरून सांगता येतात हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. मालकांना तर पहिल्या दिवसापासूनच ठाऊक होतं.

तो आला की स्टूल ओढून तिच्या बाजूला बसे आणि ती एकेक नाव वाचे. प्रत्येक नावाला एक गोष्ट होती. पहिलवान हा टोळीतला सगळ्यात किडकिडीत माणूस. टोपीला टोपी म्हणतात, कारण त्यानं ती आयुष्यात कधी घातली नाही. दोघे मेव्हणे एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. ती हसायची, आणि हसता हसता तिच्या लक्षात यायचं की मानेचं दुखणं थोडा वेळ कुठंतरी निघून गेलंय. तो गेला की ते परत यायचं, दुपटीनं.

“तुमच्या सिनेमात तो पाऊस होता ना,” एकदा ती म्हणाली, “थोरली बहीण भिंतीकडे तोंड करून पडलेली असते आणि खिडकीतून पावसाची सावली तिच्या पाठीवर ओघळते... मी तिथं रडले.”

“तुम्ही झोपला होता म्हणालात.”

“त्याच्या आधी रडले. मग झोपले.”

“तो पाऊस नव्हताच,” तो म्हणाला. “बाहेर रखरखीत ऊन होतं. थांबा.” त्यानं आतून प्लॅस्टिकचं घमेलं आणलं, त्यात पाणी ओतलं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि फोनची बत्ती लावून उजेड पाण्यावर तिरका धरला. “आता बोट घाला पाण्यात. हळूच.”

तिनं बोट बुडवलं. आणि छतावर, फ्लेक्सच्या रोलांवर, दातांच्या डॉक्टरांच्या पन्नास फोटोंवर सगळीकडे पाणी हलायला लागलं. चंदेरी, थरथरतं. भिंती ओल्या नव्हत्या, तरी ओल्या वाटत होत्या. तिनं त्याच्याकडे पाहिलं, तर तो छताकडे बघतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्यावर हलणारा उजेड बघत होता.

“काय?” तिनं विचारलं.

“काही नाही... इथं बरोबर पडलाय.”

ती बोट पाण्यातून काढायला विसरली. बाहेरून मालक ओरडले, “शटर का ओढलंय? दुकान बंद झालं की काय?” तेव्हा कुठं दोघं भानावर आली.

त्याच दिवशी तिनं विचारलं. अगदी सहज विचारतेय असं दाखवत, एका नावाची ओळ उगाच डावीकडे-उजवीकडे सरकवत. “सोमवारनंतर... तुम्ही?”

टोळी इथं का थांबली होती, ते तिला ठाऊक होतं. गावातल्या लॉजवर सगळ्यांना आठवडाभरासाठी आणून ठेवलं होतं. जिथं सिनेमा झाला तिथंच निकाल बघायचा, म्हणजे टीव्हीवाल्यांना दाखवायला बरं.

“निकालावर आहे,” तो म्हणाला. चेहरा एकदम बंद झाला त्याचा. “हरलो तर टोळी फुटणार.”

“आणि जिंकलात तर?”

“तर मोठं काम आहे. सगळ्यांना.”

एवढंच बोलला आणि उठला. तिनं मग बाकीचं स्वतःच जोडलं. कारण आदल्याच दिवशी नगरसेवक त्याचा फ्लेक्स बघायला आला होता, तो शहरातला सगळ्यात मोठा, चौकात लागणारा. त्यावर सिनेमाचं नाव बोटभर आणि नगरसेवक पुरुषभर. जाता जाता म्हणाला होता, “जिंकू द्या हो ताई! पुढचा सिनेमा इथंच होणार. दिग्दर्शकाला जागा मी देतोय. दोन वर्षं मुक्काम पडेल सगळ्यांचा.”

म्हणजे हिशेब सरळ होता. जिंकले, तर तो राहणार. हरले, तर टोळी फुटणार आणि तो सोमवारी दुपारच्या बसनं कुठल्या कुठं जाणार. तिचं त्या माणसावर मन बसलं होतं. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, घमेलंभर पाण्यात. हे आता स्वतःशी नाकारण्यात अर्थ नव्हता. आणि तिचं सगळं भवितव्य एका परक्या देशातल्या, तिला न दिसणाऱ्या परीक्षकांच्या हातात होतं.

रविवारी संध्याकाळी नगरसेवकाचा फ्लेक्स गुंडाळताना तिला स्वतःचीच गंमत वाटली. आठवडाभर तिनं लोकांच्या अभिमानाला नावं ठेवली. ज्यांनी दिव्यांचे ट्रक हाकलले, ते आता ‘आपला सिनेमा’ म्हणतात. ज्या मावशीनं सहा महिने चहा उकळला, तिचं नाव उजेड्याचा सोडला तर कुठल्याच फ्लेक्सवर नाही. हा कसला अभिमान? फुकटचा! पण मग आपलं काय? आपल्याला तरी देश जिंकायला का हवाय? देशासाठी? छे! एका लाइटवाल्याची बस चुकावी म्हणून. दातांचे डॉक्टर तिला एकदम फार जवळचे वाटायला लागले. प्रत्येकजण आपलंच काहीतरी त्या पुरस्काराला बांधून बसलेला. एवढी ओझी घेऊन बिचारा सिनेमा वर चढणार तरी कसा?

सोमवारी पहाटे साडेचारला सगळे दुकानात जमले. टीव्हीवरची बाई म्हणत होती, “अख्खा देश श्वास रोखून बसला आहे!” अख्खा देश झोपलेला होता. जागे होते दूधवाले, इस्पितळातल्या नर्सा आणि फ्लेक्सवाले. मशीनवाला डुलक्या काढत होता. मालक टीव्हीला हात जोडून बसले होते. तिच्या डोळ्यांत वाळू टोचत होती, पापण्या जड झाल्या होत्या, तरी ती टीव्हीवरून नजर काढत नव्हती.

त्यात पाच वाजता नगरसेवकाचा फोन. “माझा आत्ताच लावा!”

“साहेब, निकाल...” मालक म्हणाले.

“निकाल येईलच हो! निकालानंतर सगळेच लावतील. चौकात पहिला माझा दिसला पाहिजे. मनुष्यानं सकारात्मक असावं!”

मशीनवाला शिव्या देत शिडी घेऊन गेला, नगरसेवकाचा ‘हार्दिक अभिनंदन’ चौकातल्या खांबाला बांधून आला, आणि ‘कंबर गेली’ म्हणत घरी जाऊन झोपला.

सहाला दहा कमी असताना टीव्हीवर लिफाफा फुटला. एक सुंदर बाई हसली. तिनं नाव वाचलं. ते आपलं नव्हतं.

मालकांचे जोडलेले हात खाली आले. टीव्हीवर भलत्याच देशातली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, रडत होती. त्यांच्यातही कुणीतरी चहा करणारी मावशी असेलच की, तिच्या मनात आलं. आणि मग एकदम कळलं — तो जाणार. दुपारच्या बसनं. संपलं.

तिनं स्टूलवर बसल्या बसल्या कपाळ टेबलावर टेकवलं. तिला रडायचं होतं, पण रडायलाही थोडी ताकद लागते. आठ दिवसांचा शीण एकदम अंगावर आला होता. टीव्हीवरची बाई आता ‘देशाचा अपमान झाला आहे का?’ असं विचारायला लागली होती, आणि पाच मिनिटांनी तिनं हवामानाचा अंदाज सांगितला.

“अगं पोरी, ऊठ!” मालकांनी तिला हलवलं. “तो चौकातला! अभिनंदनाचा! साहेबांचा फोन आलाय. फोटोवाले पोचायच्या आत उतरवा म्हणतात. हसं होईल!”

“मशीनवाला?”

“फोन बंद करून झोपलाय मेला. मी चढलो तर शिडीच खाली येईल.”

तेवढ्यात दारात उजेड्या उभा. केस विस्कटलेले, रात्रभर जागा असावा. तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण मालकांनी त्याला बोलूच दिलं नाही. “तुम्ही लाइटवाले ना? शिडी चढता ना? देवासारखे आलात! जा, दोघं जा, पळा!”

चौक मोकळा होता. कोवळं ऊन खांबांच्या निम्म्यापर्यंत आलेलं, गार वारा, आणि वर नगरसेवक हात जोडून अख्ख्या शहराला हसत होता. ‘देशाचा अभिमान! हार्दिक अभिनंदन!’ रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थांबून बघत होते. एकानं दुसऱ्याला विचारलं, “जिंकलो की काय?” दुसरा म्हणाला, “असेल.”

उजेड्यानं शिडी लावली, चप्पल काढली आणि सरसर चढला. तिनं शिडी दोन्ही हातांनी धरली. तिच्या डोळ्यांसमोर आता फक्त त्याचे पाय होते. आणि पायांशी बोलायला तिला फारसं भ्यावंसं वाटेना.

“एक सांगू?” ती म्हणाली. “खाली बघू नका.”

“शिडीवर बघायचं नसतंच.”

“तुम्ही जिंकायला हवे होतात.”

“हं. सगळ्यांनाच वाटतं तसं.”

“सगळ्यांसारखं नाही.” तिनं डोळे मिटले. “मी रोज मागत होते. देशाबिशासाठी नाही. मला देशाचं काय ते कळत नाही. तुम्ही राहावं म्हणून. मला तुम्ही आवडता. मी फार दमलेय हो, आडवळणानं बोलायची ताकद नाही माझ्यात... जिंकला असतात तर राहिला असतात, आणि आता जाणार. म्हणून सांगून टाकते. बस किती वाजता आहे?”

वर गाठ सोडणारे हात थांबले. फ्लेक्सचं एक टोक सुटलेलं होतं. नगरसेवक अर्धा दुमडून वाऱ्यावर फडफडत होता.

“जिंकलो असतो तर राहिलो असतो, असं कुणी सांगितलं?”

“नगरसेवकांनी. पुढचा सिनेमा इथंच...”

“त्यांना कुणी विचारलंय!” तो म्हणाला. “जिंकलो असतो तर आज दुपारीच निघणार होतो आम्ही. सगळे. एका मोठ्या कंपनीचा करार होता उस्तादांशी. समुद्रापलीकडे, दोन वर्षं.”

तिनं डोळे उघडले. पाय एक पायरी खाली आले.

“आणि हरल्यावर?”

“हरल्यावर करार नाही. टोळी फुटली. ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं जायचं.” आणखी एक पायरी. “ज्याला राहायचं त्यानं राहायचं.”

“मग आधीच करारातून बाहेर पडायचं ना!”

“अट होती. अख्खी टोळी हवी. माझ्या एका नकारानं बेचाळीस जणांच्या पोटावर पाय आला असता. कसा नाही म्हणू? मावशीला कसं तोंड दाखवू?” तो आता तिच्या डोक्याइतक्या उंचीवर येऊन थांबला होता. “आज पहाटे लॉजवर सगळे टीव्हीपुढं हात जोडून बसले होते. खोकला तर खोकला दाबून बसला होता. आणि मी त्यांच्यामध्ये बसून मनात म्हणत होतो, हरू दे. बाबा, हरू दे. सगळा देश एकीकडे आणि मी एकटा दुसरीकडे. नाव वाचलं तेव्हा सगळे रडले. मीही रडलो. पण मला माहितीये मी का रडलो. असा माणूस आहे मी. चांगला नाही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. हातांत नगरसेवकाचा कान होता.

“हे बघा,” ती हळूच म्हणाली, “तुमच्या मागण्यानं निकाल लागला असता, तर माझ्या मागण्यानंही लागला असता. आणि मी तुमच्यापेक्षा जोरात मागत होते.”

“मग कुणाचं ऐकलं?”

“कुणाचंच नाही. परीक्षकांना दुसरा सिनेमा आवडला असेल.”

त्याला हसू फुटलं, मधेच अडकल्यासारखं. “पण त्यांचं काम तर गेलंच.”

“मिळेल त्यांना. इतकी चांगली माणसं आहेत, मी नावं वाचलीयेत ना त्यांची. मावशींना मी स्वतः सांगेन, तुम्ही काय मागितलंत ते. चार शिव्या घालतील. खायच्या.”

“आणि मी?” तो उरलेल्या दोन पायऱ्या उतरून तिच्यासमोर उभा राहिला. आता शिडी धरायची काही गरज नव्हती, तरी तिनं धरून ठेवली होती. “मी आता बेकार आहे, बरं का. तीन-चार महिने तरी कुणी बोलावणार नाही.”

“अरेरे,” ती म्हणाली.

“खिशात काही नाही.”

“फारच वाईट झालं.”

“लॉज दुपारी रिकामं करायचंय.”

“थांब,” ती म्हणाली. पहिल्यांदाच ‘तुम्ही’ सोडून. “तू थांब इथं. कुठं, कसं ते झोप झाल्यावर बघू. आत्ता फक्त थांब.”

“थांबलो,” तो म्हणाला. आणि त्यानं भाजलेल्या खुणांचा आपला हात शिडीवरच्या तिच्या हातावर ठेवला.

आणि मग तिला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. आठ दिवसांचा शीण, चाळीस फ्लेक्स, पहाटेचं जागरण, दोघांनी एकाच कारणासाठी केलेल्या दोन उलट्या प्रार्थना... ती शिडीला टेकून हसत सुटली. तोही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर एका गाठीवर लोंबकळणारा फ्लेक्स सुटला आणि दोघांच्या अंगावर येऊन पडला, तर त्याच्याखालूनही हसण्याचाच आवाज.

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत फिरायला निघाले होते. ते थांबले. त्यांनी काठीनं फ्लेक्सचं टोक वर केलं, आत वाकून बघितलं आणि त्यांचा पारा चढला.

“लाज नाही वाटत? पोरवयाचे म्हणून काहीही? अख्खा देश हरलाय आज, आणि तुम्ही हसताय?”

“चुकलं, आजोबा,” ती म्हणाली. तिनं मान खाली घातली, ओठ घट्ट मिटले आणि देशासाठी दुःखी व्हायचा अगदी मनापासून प्रयत्न केला. पण छे! जमेचना.